बैलाच्या खांद्याचा खटला

आई, आज सकाळी तुझ्या लेकाला कोर्टात शिक्षा झाली आणि मी इतकी खूश आहे की देवपूरला परत आल्यापासून घरात नुसत्या येरझारा घालतेय. चहा दोनदा ठेवला, दोनदा उतू गेला. सख्ख्या भावाच्या शिक्षेवर ही बाई नाचते, असं कुणी म्हणेल. म्हणू देत. तू असतीस तर तुला कळलं असतं.

त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं तेव्हाचं आठवतं. तो भडगावच्या बाजाराहून गाडी घेऊन आला आणि बैल तसेच जुंपलेले ठेवून थेट चुलीपुढे बसला. तू कळण्याची भाकरी वाढलेली. मग तू बाहेर जातेस, बैलाच्या खांद्यावरून हात फिरवतेस, आत येतेस आणि त्याच्यापुढचं ताट उचलतेस. ‘‘बैलना खांदा सुजेल शे. आधी तो शेक, मंग जेव.’’ गेला फणफणत. मिठाच्या गरम पाण्याने खांदा शेकून तो परत येईपर्यंत तूही जेवली नाहीस. मी मात्र मुकाट्याने माझी भाकरी संपवली होती.

यंदा उन्हाळ्यात गावी गेले तर हाच भाऊ भट्टीवरच्या विटा वाहतोय, तांबड्या बैलाचा खांदा सोलून निघालाय, जखमेत किडे, आणि त्यावरच जू. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता सोड त्याला. तर म्हणतो, ‘‘अक्का, आठच दिन ऱ्हायनात, भट्टी संपू दे.’’ भांडले, हात जोडले, काही उपयोग नाही. मग इथे येऊन मीच पोलिसांना फोन केला, नाव न सांगता. दुसऱ्या दिवशी त्यांनी बैल सोडवला, जनावरांच्या डॉक्टरांनी तपासला, पांजरापोळात नेला, आणि भावावर केस झाली.

वकिलाने त्याला पढवलं होतं, झाडाला घासून जखम झाली म्हणायचं. जज्जसाहेबांनी विचारलं, जुंपण्याआधी खांद्याला हात लावून पाहत होतास का? आणि तो म्हणाला, ‘‘नाही साहेब. जखम दिसत होती, म्हणूनच हात लावला नाही.’’ आई गं, मला तिथेच रडू आलं! त्याला दंड झाला आणि बैल आता त्याला परत मिळणार नाही. जखम भरलीय, बैल छान चरतोय, त्याच्या मानेवर पुन्हा जू येणार नाही. एवढ्यासाठी मी चार महिने जीव मुठीत धरून होते.

पुढचं फक्त तुलाच लिहू शकते, कारण हे पत्र कुठे जायचं नाही. कोर्टाबाहेर टपरीवर तो म्हणाला, ‘‘चूक मनीच व्हती. पन आबानी आधी मले सांगाले पाहिजे व्हतं.’’ आबा म्हणजे आपले शेजारचे. फोन त्यांनीच केला असं तो पहिल्या दिवसापासून धरून बसलाय. त्यांच्याशी बोलत नाही, लेकीच्या साखरपुड्यालाही त्यांना बोलावलं नाही, आणि तो म्हातारा बिचारा ओट्यावर बसून माझं काय चुकलं म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो. भरल्या कोर्टात आपला गुन्हा कबूल करून आलेल्या भावासमोर मी चहाचा कप धरून उभी होते, आणि म्हटलं काय, तर ‘‘जाऊ दे रे, म्हातारा माणूस आहे, त्यांना माफ कर.’’