वारा पडेपर्यंत

हैदराबाद,
२९ मार्च १९८८

तीर्थरूप तविटय्यामामांस,
सिंहाद्रीचा साष्टांग नमस्कार.

मी इथं बरा आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? काजू फोडून मामींच्या बोटांना चीक लागला होता, फोड आले होते, ते बसले का? त्यांना म्हणावं खोबरेल लावल्याशिवाय कामाला बसू नका. लाल गाय एव्हाना व्याली असेल. अक्षर वाईट आहे. सातवीनंतर हातात पेन कमीच आलं, सांभाळून घ्या.

अप्पाराव सिमेंटची लॉरी घेऊन परवा पुन्हा आला होता. तुमचा निरोप त्यानं आमच्या फाटकातच, सगळ्यांसमोर, ओरडून सांगितला. "तुझा मामा म्हणतो, वाऱ्यासाठी थांबलास ना? मग आता वाऱ्याशीच लग्न लाव!" पोरं हसली. मीही हसलो, काय करणार. मग बाजूला घेऊन त्यानं खरं काय ते सांगितलं. टेक्कलीच्या स्थळाला तुमची नीलवेणी पसंत आहे, पण त्यांचं एकच विचारणं आहे : सख्ख्या भाच्यानं अंगठी काढून ठेवली, म्हणजे मुलीत काहीतरी असणार. आणि तुम्ही म्हणालात, काय ते त्यानं एकदा कागदावर लिहून द्यावं.

तेच लिहायला बसलोय.

वाऱ्याचं खोटं नव्हतं, मामा. आमचा फुगा जत्रेतला नाही. जमिनीवर पसरला तर तुमच्या अंगणापासून रामालयापर्यंत जाईल, आणि प्लास्टिक इतकं पातळ की सिगारेटच्या पाकिटावरचा कागद त्यापुढं जाड. त्याखाली कामेश्वरी मॅडमची पेटी लटकवायची. त्यांनी एका ताऱ्याचं गणित मांडलंय. तो तारा असे असे किरण सोडत असणार, असं कागदावर निघालंय. पण ते किरण आपल्यापर्यंत पोचत नाहीत, वरची हवाच ते पिऊन टाकते. म्हणून हवा विरळ होते तिथवर पेटी न्यायची आणि बघायचं, कागद खरा की तारा. पेटी जोडण्यात बाईंची सहा वर्षं गेली.

फुगा सोडायचा तर खालचा वारा पडावा लागतो. पहाटे एक छोटा फुगा सोडून बघतात. तो तिरका गेला की आमचे मुकादम यादगिरी म्हणतात, "चला रे, इडली खाऊ." म्हणजे आज नाही. शिवरात्रीपासून आम्ही नुसती इडलीच खात होतो. "यादगिरन्ना, वाऱ्याला काहीतरी चिरीमिरी द्या की," मी म्हणायचो. ते म्हणायचे, "तूच दे, तुझं लग्न अडलंय."

आणि अंगठीचा इथं नियमच आहे. फुग्याला हात लावणाऱ्यानं अंगठी, कडं, घड्याळ, पट्टा, सगळं डब्यात काढून ठेवायचं. एक ओरखडा गेला तर फुगा वर जाऊन फाटतो. यादगिरी स्वतः प्रत्येकाची बोटं तपासतात. संक्रांतीला बोलणी ठरली तेव्हा तुम्ही माझ्या बोटात घातलेली अंगठी मी पहिल्या दिवशी काढली ती त्यासाठी. अप्पारावनं रिकामं बोट पाहिलं आणि गावात जाऊन सांगितलं. त्याचं काही चुकलं नाही, पाहिलं तेच सांगितलं.

एवढं लिहून पाकीट बंद करणार होतो.

पण मग तुम्ही म्हणाल, अरे, नियमच होता तर पोराचा काय दोष! टेक्कलीवाल्यांना नकार कळवाल आणि पुढचा मुहूर्त काढाल. नीलवेणी पुन्हा वाट बघत बसेल. म्हणून पुढचंही लिहितो.

अप्पाराव पहिल्यांदा आला तेव्हा दुपार होती. काम संपलं होतं, मी अंघोळ करून बसलो होतो. बाकीच्यांनी आपापल्या अंगठ्या केव्हाच घातल्या होत्या. मीही सुरुवातीला रोज काढायचो, रोज घालायचो. मग एक दिवस घालायची राहिली. दुसऱ्या दिवशी डब्यात दिसली, तरी राहू दिली. कुणी विचारलं नाही. बोट हलकं वाटत होतं.

दुसरं म्हणजे, साखरपुड्याच्या दोन दिवस आधी वारा पडला. पहाटे आम्ही फुगा सोडला. दोरी सुटली आणि तो न हलता, न डुलता सरळ वर गेला. खाली अजून अंधार होता आणि वर त्याच्यावर ऊन पडलं होतं. मॅडम हसत होत्या की रडत होत्या, कळेना. यादगिरी म्हणाले, "सुटलास बाबा. संध्याकाळची गाडी पकड, मुहूर्ताला पोचशील." पिशवी भरलेलीच होती. तेवढ्यात पेटी जिथं उतरणार तिकडं, रायचूरच्या बाजूला ट्रक निघाला. मागं एक जागा होती. मी चढलो. कुणी चढ म्हणालं नव्हतं.

तिथं एक म्हातारी आमच्या पेटीवरच ठाण मांडून बसली होती. फुग्याचं प्लास्टिक केव्हाच कापून लोकांच्या कडब्याच्या गंजींवर गेलं होतं.

"आजी, उठा, सरकारी माल आहे."

"माझ्या शेंगांवर पडलाय. सरकार काय वर राहतं होय रे?"

मॅडम तिच्याजवळ मातीत बसल्या. "आजी, माझी सहा वर्षं आहेत यात."

म्हातारी लगेच उठली. "मग आधी बोलायचं नाही का गं!"

येताना मॅडमनी नोंदीचा डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. गणित चुकलंय म्हणे, तारा वेगळाच निघाला. त्यावरच त्या खूश होत्या. मी मागं बसून त्यांच्याकडं बघत होतो, आणि मुहूर्ताची वेळ गेलेली मला खूप उशिरा आठवली.

मामा, मला नीलवेणी नको होती असं नाही. तिच्याइतकं खरं बोलणारं मला दुसरं कुणी भेटलेलं नाही. संक्रांतीलाच ती म्हणाली होती, "तुझे पाय बसल्या जागी हलतात. तू राहणार नाहीस." मी तिला वेडी म्हणालो. आता इथं रोज संध्याकाळी तिच्याशी काहीतरी बोलावंसं वाटतं, आणि ते बोलायला मी गावी येणार नाही, हेही कळतं. बाप वारल्यावर तुम्ही मला वाढवलंत, म्हणून हे तोंडावर येऊन सांगायला हवं होतं. तेवढंही जमलं नाही.

खालच्या चार ओळी टेक्कलीच्या पाहुण्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. गावातली माणसंही बोलवा.

मुलीत काही उणं नाही. तिचा शब्द पक्का होता, तिच्या बापाचाही. अंगठी कामासाठी काढली, पण परत घातली नाही, ती मी. गाडी होती, वेळ होता, तरी आलो नाही, तोही मीच.

लग्नाला बोलावू नका. मामींना नमस्कार. नीलवेणीला काय सांगावं ते मला सुचत नाही, तुम्हीही काही सांगू नका.

जावई होणं माझ्या हातात होतं, ते मी घालवलं. दुसरं नातं जन्मानं आलंय, ते तेवढं राहू द्या.

तुमचा भाचा,
सिंहाद्री