सागाला पानं फुटल्यावर मुके झालेले सेट

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
सावरदरा परिक्षेत्र, जि. हिंगोली.

विषय : रानडुकरांच्या बंदोबस्तासाठी दिलेले वॉकीटॉकी सेट बदलून मिळणे, परवानगीतील अट क्र. ७ रद्द होणे व श्रीमती भिकाबाई राठोड यांची नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) आपले परवानगीपत्र, दि. २५ ऑगस्ट २०२५
२) आपली नोटीस, दि. १५ सप्टेंबर २०२५

महोदय,

मी गुलाबचंद राठोड, भोरदरा तांड्याच्या पीक संरक्षण समितीचा सचिव. दि. ९ सप्टेंबरच्या मोहिमेत एक माणूस गोळीखाली येता येता वाचला. पुढची मोहीम ३० सप्टेंबरला आहे आणि सेट तेच आहेत. म्हणून हा अर्ज.

१. मोहिमेची रीत आपणास माहीत आहेच. बंदुकीचा परवाना असलेले जवळा बाजारचे श्री. अमृतराव दरीच्या वरच्या कड्यावर बसतात. आमच्या तांड्याचा जगन खाली सागाच्या दाटीत माग काढतो. डुक्कर दिसले की अमृतराव सेटवर विचारतात, "रान मोकळं हाय का?" जगनने हो म्हटले तर गोळी सुटते.

२. अट क्र. ७ अशी आहे : "विचारणा केल्यापासून पाच मिनिटांत सेटवर हरकत प्राप्त न झाल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल." ही अट समितीच्या बैठकीत वाचली, तेव्हा कोणाला खटकली नाही. विहीर, वीजजोडणी, लग्नाचा मांडव, आमची सगळी ना-हरकत अशीच मिळत आली आहे. बंदुकीपुढे उभ्या माणसालाही तोच नियम लागेल, हे आमच्या लक्षात आले नाही. अट क्र. ८ प्रमाणे मोहिमेत तोंडाने ओरडण्यास मनाई आहे.

३. सेटच्या निवडीबाबत. एप्रिलमध्ये आपल्या कार्यालयात दोन नमुने आले होते. 'अ' आखूड एरियलचा, पिवळा, खोक्यावर तीस किलोमीटर छापलेला. 'ब' लांब एरियलचा, वजनदार. त्याच्या लहरी झाडीतून अधिक लांब जातात असे आणणाऱ्याने सांगितले होते. 'ब' बाद झाला, कारण तो पट्ट्याच्या पाकिटात बसेना. पाकिटे आधीच आली होती.

४. 'अ' ची रानातली चाचणी दि. १२ एप्रिल रोजी झाली. कड्यापासून ओढ्यापर्यंत सातशे मीटर. आवाज इतका स्वच्छ होता की जगनच्या पायाखालचा पाचोळाही सेटवर वाजत होता. तो वाजत होता कारण सागाची सगळी पाने खाली पडलेली होती. झाडावर एक नव्हते. दाट जंगलात वापरायच्या सेटची परीक्षा आपण सर्वांनी उघड्या खराट्यांत घेतली. अहवालावर माझीही सही आहे आणि ती मी नाकारत नाही. सागाला पाने कधी येतात हे तांड्यातल्या माणसाने सांगायला हवे होते.

५. दि. ९ सप्टेंबरची हकिकत वेळेनिशी अशी. सकाळी ७.१० ला अमृतरावांना ओढ्याकाठची करवंदीची जाळी हललेली दिसली. त्यांनी सेटवर विचारले. जगन त्याच जाळीत होता. त्याच्या सेटवर शब्द तुटून आले, पण ही विचारणाच असणार हे त्याने ओळखले. त्याने "थांबा, मी हितं हाय" असे सहा वेळा सांगितल्याचे तो सांगतो. कड्यावर खरखर ऐकू आली. खरखर ही हरकत आहे की नाही, याबाबत परवानगीपत्रात उल्लेख नाही. ७.१५ ला पाच मिनिटे भरली. अमृतरावांनी नियमाप्रमाणे बंदूक खांद्याला लावली.

६. समोरच्या उतारावर जगनची आई भिकाबाई शेळ्या चारत होती. तिला दोघेही दिसत होते. ती ओरडली, "ओ अमृतराव! खाली माझं लेकरू हाय!" अमृतरावांनी बंदूक खाली घेतली. त्यानंतरही जगन सेटवर बोलतच होता. तेव्हा ती दुसऱ्यांदा ओरडली, "काहून त्या डब्याला तोंड लावून राहिला? हात वर कर!" त्याने हात वर केले. डुक्कर त्याच्या मागे चाळीस पावलांवर होते, ते निघून गेले.

७. आपल्या नोटिशीत भिकाबाईवर तीन ठपके आहेत : अट क्र. ८ चा भंग, मोहिमेत नाव नसताना संदेशवहन, आणि डुक्कर पळवणे. तसेच "सेट उपलब्ध असताना त्याचा वापर का केला नाही" असा खुलासा मागितला आहे. तिच्याकडे सेट नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांनी वापरला होता.

८. दि. १८ रोजी आपल्या वनरक्षकांसमक्ष मी त्याच जागी फेरचाचणी घेतली. पाने भिजलेली होती. 'अ' चा आवाज एकशे नव्वद मीटरवर तुटला. आपल्या कपाटातला 'ब' ओढ्यापर्यंत अडखळत का होईना पोचला. भिकाबाईचा आवाज उतारावरून कड्यापर्यंत, सहाशे मीटर, वारा उलटा असताना शब्दन् शब्द कळला. वनरक्षकांनी तिला पुन्हा एकदा ओरडण्याची विनंती केली. ती म्हणाली, "आता कोन मरून राहिलं?" ही नोंद वनरक्षकांच्या सांगण्यावरून वगळणार होतो, पण ठेवली आहे.

सबब विनंती की,

(अ) 'ब' नमुन्याचे सेट द्यावेत. पाकीट नसले तरी चालेल, आम्ही सुतळीने गळ्यात बांधू. पुढची चाचणी पाने असताना घ्यावी.

(आ) अट क्र. ७ काढून तेथे "स्पष्ट होकार ऐकू आल्याशिवाय गोळी झाडू नये" एवढे एकच वाक्य घालावे.

(इ) भिकाबाईची नोटीस मागे घ्यावी व जीव धोक्यात असेल तेव्हा अट क्र. ८ लागू नसावी.

महोदय, डुकरांनी सोयाबीनची निम्मी पट्टी लोळवली आहे, त्यामुळे मोहीम आम्हालाही हवी आहे. तरीही अमृतरावांनी आम्हाला सांगितले आहे की होकार कानांनी ऐकल्याशिवाय ते यापुढे बंदूक उचलणार नाहीत, मग परवानगी रद्द झाली तरी बेहत्तर. समितीने तसाच ठराव केला आहे. आपल्याकडून ३० तारखेपर्यंत उत्तर आले नाही, तर आपली हरकत नाही असे आम्ही समजणार नाही. आपल्याला ऐकू गेले नाही असे समजू, आणि पुन्हा सांगू.

आपला नम्र,
गुलाबचंद राठोड
सचिव, पीक संरक्षण समिती, भोरदरा तांडा
दि. २२ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) दि. १२ एप्रिलचा चाचणी अहवाल, माझ्या सहीसह
२) दि. १८ सप्टेंबरचा फेरचाचणी अहवाल व ओल्या सागाचे एक पान
३) समितीचा ठराव, अमृतरावांच्या सहीसह
४) नोटिशीवर श्रीमती भिकाबाई यांचा खुलासा, अंगठ्यासह. मजकूर पूर्ण देत आहे : "वरडले. परत वरडंन."