चार बोटं जास्तीची

८ जानेवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल सुखरूप पोचले. फोन केला नाही, कारण फोनवर तू ओरडतोस, मी नुसती हो हो म्हणते आणि ठेवल्यावर दोघांनाही काही कळलेलं नसतं. पत्रच बरं.

जबडा निळा-जांभळा झालाय. दूध घालणारा विचारत होता, पडलात का. म्हटलं, हो, पडले. बंदुकीने मुस्काटात मारली हे कुठल्या तोंडाने सांगू? हे गेले, बंदूक कायद्याप्रमाणे तुझ्या बंदुकांच्या दुकानात जमा झाली, आता परवाना माझ्या नावावर करून घ्यायला एक चाचणी तेवढी द्यायची, असं तू किती सोपं करून सांगितलं होतंस! परीक्षक सभ्य होता म्हणून हसला नाही. म्हणाला, बाई, ही तुम्हाला लांब पडते, पेलेल अशी करून महिन्याने या, तेव्हाही जमलं नाही तर मात्र परवाना विसरा.

इकडे रानडुकरांनी संत्र्याच्या दोन ओळी उकरल्या. डबे वाजवून झाले, फटाके लावून झाले. आता फटाका वाजला की ती मान वर करतात आणि परत कामाला लागतात. तुझ्या भाचीची एकच टकळी: आई, बाग विक, माझ्याकडे ये, तिसऱ्या मजल्यावरची खोली रिकामीच आहे. तिथे मी काय करू, कुंड्यांना पाणी घालू? बंदूक गेली की बाग गेली आणि बाग गेली की मी गेले तिसऱ्या मजल्यावर. नापास झाले तर तिच्या हातात आयतं कोलीत मिळेल.

तेव्हा माझं एक ऐक. नळी पुढून वीतभर काप. बंदूक तुझ्याच दुकानात आहे, हत्यारं तुझ्याकडे आहेत. पुढचं वजन गेलं की मला पेलेल.

भावजयबाईंना आणि पोरांना आशीर्वाद. ताईवर जीव आहे तो तसाच असू दे.

तुझी
ताई


१३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी जबड्याला शेक दे, मग माझ्यावर हुकूम सोड.

नळी कापायची नाही. पुन्हा लिहितो, कारण तू एकदा लिहिलेलं वाचत नाहीस: नळी कापायची नाही. तिची कमीत कमी लांबी कायद्याने ठरवलेली आहे. त्याखाली गेली की ती बागेची बंदूक राहत नाही, कोटाखाली लपवायची बंदूक होते, आणि तसली बाळगायचा परवाना तुझ्या-माझ्यासारख्याला मिळत नाही. बंदूक माझी, घर माझं, मला फक्त डुकरं हाकलायची आहेत, असलं काही कोर्ट ऐकून घेत नाही. कापणारा आत, बाळगणारी आत. दुकानाला कुलूप लागेल ते वेगळंच.

कायदा बाजूला ठेवला तरी त्यात तुझंच नुकसान आहे. या नळीचं तोंड किंचित निमुळतं आहे, म्हणून छर्रे एकगठ्ठा जातात. ते तोंडच उडवलं की ते चाळणीतून सांडल्यासारखे पसरणार. डुक्कर राहील बाजूला आणि तुझीच संत्री पडतील. वर धक्का जास्त, आवाज कानठळ्या बसवणारा.

तुझं दुखणं पुढे नाहीच, मागे आहे. बंदूक खांद्याला लावलीस की चापापर्यंत पोचायला तुला हात ताणावा लागतो. मान अवघडते, गाल लाकडावर नीट बसत नाही, मग ते लाकूड गालफडात बसतं. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, चार बोटं कमी केला की झालं. सगळ्या बंदुकीची मिळूनही एक किमान लांबी ठरलेली आहे, पण आपण तिच्या जवळपासही जात नाही. एका दुपारचं काम आहे, कायद्याची आडकाठी नाही.

बाकी वयाबरोबर माणूस आखडतो हे खरं दिसतंय. हीच बंदूक बाबांच्या शेजारी उभी राहून तू परकरात असताना उडवायचीस आणि मी कानात बोटं घालून बसायचो. तेव्हा कशी पेलायची?

हो म्हण, की मी करवत घेतो. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा
धाकटा


१८ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझ्या आखडण्याची काळजी तू करू नकोस, तुझ्या पोटाचा घेर काय आखडलेला नाही.

लाकडाला हात लावायचा नाही. इतकं जुनं लाकूड, करवत लागली की उभं चिरत जाईल. चिरलं नाही तरी बंदूक शेपूट तुटलेल्या मांजरासारखी दिसेल. शिवाय माणसाने एखादी वस्तू आहे तशी राहू द्यावी, दिसली की लगेच कापायला धावू नये. नळीचं म्हणशील तर ती लोखंडाची आहे, लोखंडाचं मला काही वाटत नाही.

तुला भीती वाटत असेल तर राहू दे. वाटेवर एक फाटकं जोडणारा वेल्डर आहे. त्याला विचारलं, तर म्हणाला, मावशी, भावाकडून बंदूक घेऊन या, चहा प्यायच्या आत उडवतो. त्याने कायद्याचा एक शब्द काढला नाही. इतका भला माणूस.

परवा तुझी भाची येऊन गेली. कपाटांची मापं घेत होती. मी विचारलं नाही कशाला, तिने सांगितलं नाही.

काळजी करू नकोस. लोभ राहू दे.

तुझी
ताई


२२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या भल्या माणसाला सांग, पुढचा चहा तुम्ही दोघं पोलीस ठाण्यात प्याल.

गंमत करत नाही. मागे एक गृहस्थ माझ्याकडे आला होता. आजोबांची बंदूक, गाडीत मावेना म्हणून याने घरीच नळी कापली. विकायला आणली तेव्हा मी हातही लावला नाही. लावला असता तर मीही अडकलो असतो. विकता येईना, ठेवता येईना, कापलेलं काही परत जोडता येईना. शेवटी वकील बरोबर घेऊन पोलिसांत जमा केली आणि दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढला. चांगला सरळमार्गी माणूस, मान खाली घालून बसायचा. तुला तसं बसलेलं मला बघवणार नाही.

नवा दस्ता करून देईन म्हटलं, तर मुरलेलं लाकूड मिळून तो घडवेपर्यंत उन्हाळा उजाडेल. चाचणी आहे दोन आठवड्यांवर.

ताई, लाकूड चिरणार नाही हे तुलाही माहीत आहे. एका कसबी फर्निचरवाल्याबरोबर तू जन्म काढलास, रोज घरात करवतीचा आवाज ऐकलास. मग खरं काय ते सांग. हिचं म्हणणं, चाचणीच्या दिवशी बंदूक माझ्याकडे परत देताना तू पदराने दस्ता पुसलास, नळी नाही पुसलीस. बायकांना असलं दिसतं.

आणि निघालंच आहे तर माझंही ऐक. बाबांनी पोटच्या बंदूकवाल्याला सोडून जावयाला बंदूक दिली, ते मला लागलं होतं. नंतर भावोजींनी ती एकदाही माझ्याकडे साफसफाईला आणली नाही. आपलं काम त्यांना पसंत नसेल असं मी धरून चाललो. आता ती समोर टेबलावर पडली आहे आणि तिची मालकीण मला वेल्डरची धमकी देते आहे. मी करू तरी काय?

उत्तर लगेच टाक. माझ्यावरचा विश्वास काढून घेऊ नकोस.

तुझा
धाकटा


२७ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी बायको हुशार आहे, तिला सांग.

त्या लाकडावर डाव्या अंगाला एक जागा आहे. तिथलं पॉलिश गेलंय आणि लाकूड काळसर, गुळगुळीत झालंय. यांचा गाल टेकून टेकून झालंय ते. चाचणीच्या दिवशी माझा गाल बरोबर तिथे टेकला आणि मला यांच्या दाढीच्या साबणाचा वास आला. येणं शक्य नाही, कळतं मला, अजून वेड लागलेलं नाही. पण आला, आणि मी झटकन मान मागे घेतली. तेवढ्यात चाप ओढला गेला आणि बसली मुस्काटात. तुला आणि त्या परीक्षकाला वाटलं बंदूक लांब पडली. लांब तर ती पडतेच, पण खरं हे आहे.

यांचे कपडे मी आपल्या हाताने वाटले. करवती, रंधे यांच्या हाताखालच्या माणसाला दिले. चष्मा तुझ्या भाचीने मागून नेला. सगळे म्हणाले, काय धीराची बाई! धीर कसला डोंबलाचा. रडूच येत नव्हतं. हे एवढं लाकूड राहिलं होतं, आणि तू लिहितोस चार बोटं कापतो.

पण काल पहाटे डुकरांनी विहिरीकडची रोपं उलथली. यांनी शेवटच्या वर्षी लावलेली. मुळं वर करून पडली होती. मी तिथे बसून विचार केला, की लाकूड जपते आहे आणि झाडं मरू देते आहे, हा कुठला शहाणपणा? यांना विचारलं असतं तर यांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

काप बाबा. कधी कापलंस ते मात्र कळवू नकोस.

जीव असू दे.

तुझी
ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कळवू नकोस म्हणालीस, तरी कळवतो आहे. बसून वाच.

अगं, गाल टेकतो तो भाग पुढे असतो आणि कापायचं असतं अगदी शेवटचं टोक. तुझ्या त्या जागेला मी धक्कासुद्धा लावणार नव्हतो. हे आधीच लिहिलं असतंस तर आपली दोघांची आदळआपट वाचली असती.

काल दस्ता शेगड्यात घट्ट आवळून धरला, चार बोटांवर खूण केली, मनात भावोजींना नमस्कार केला आणि करवत चालवली. जेमतेम आत गेली आणि दात खरकन धातूवर घासले. लाकडात धातू! मी थांबलो. खांद्याकडची पट्टी काढून पाहिली, तर आत पितळेच्या दोन जाड खुंट्या. भिंग लावलं तेव्हा कुठे सांधा दिसला. केसाएवढा. लाकडाच्या रेषेला रेष जुळवलेली, रंगाला रंग. वरून भर उजेडात पाहिलं तरी दिसत नाही. महिनाभर ही बंदूक मी हाताळतोय, माझा धंदा हा, आणि मला पत्ता नाही.

ऊब देऊन सरस सुटा केला, तो तुकडा अलगद निघून आला. बरोबर चार बोटं. त्याच्या आत बाबांच्या वेळचं मूळ टोक, जुन्या पट्टीच्या स्क्रूची भोकंसुद्धा तशीच. बाबा तुझ्याएवढेच होते ना उंचीला. भावोजी ताडमाड. त्यांना बंदूक आखूड पडली असणार, त्यांनी तुकडा जोडून ती आपल्या मापाची केली. माझ्याकडे का आणत नव्हते ते आता कळलं. सुताराने बंदुकीला हात लावला हे मेहुण्याच्या डोळ्यांना दिसेल म्हणून लाजत होते. मी उगाच मनात अढी धरून बसलो. इतकं सुबक काम मला जमलं नसतं, हे त्यांना सांगायला हवं होतं.

तेव्हा काहीच कापावं लागलं नाही. तू आखडलेली नाहीस, बंदूक लांबली होती. तुकड्यावर माझ्या करवतीचा एक ओरखडा राहिला आहे तेवढा माफ कर. सहा तारखेला ये, बंदूक घेऊन मी मैदानावर थांबतो.

ओढ आहे ती अशीच ठेव.

तुझा
धाकटा


१० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पास झाल्यावर तू मला लहान पोरीसारखं उचललंस, सगळ्या लोकांत. तुझी कंबर कशी आहे?

बंदूक आणि नावावर झालेला परवाना, दोन्ही काल घरी आणली. परीक्षकाने नळीला टेप लावून माप जुळवून पाहिलं ते तू बघितलंसच. ती कापली असती तर तिथेच माझी वरात निघाली असती, म्हणून तुझे उपकार मानते. वेल्डरला कळवलं आहे. त्याने तोंड पाडलं. तुझ्या भाचीला सांगितलं की त्या खोलीत भाडेकरू ठेव. ती आधी चिडली, मग म्हणाली, निदान रोज फोन तरी घेत जा. तेवढं कबूल केलं.

आता मनातलं. तू यांना उंच म्हणून सोडून दिलंस. मी नाही सोडणार. लग्नानंतर मी कितीदा म्हटलं असेल, द्या इकडे, मला येते उडवता. दरवेळी हसून सांगायचे की ती आता तुला लांब पडते, घरकामाने तुझे हात आखडले. आणि मी ते खरं धरलं! एकदा खांद्याला लावून पाहिली तर खरंच हात पुरेना. तेव्हापासून माझ्याच हातांना नावं ठेवत आले, बंदुकीचं नाव काढलं नाही. आणि हा लबाड माणूस स्वतः तुकडा जोडून, वर रंग लावून, मिशीत हसत बसला होता!

संध्याकाळी डुकरं आली. मी बाहेर गेले, हवेत एक बार काढला. खांद्याला कसा बसला म्हणून सांगू, बाबा शेजारी उभे होते तेव्हासारखा. डुकरं पळाली. मग मी तिथेच बागेत उभी राहून यांच्याशी भांडायला लागले. मोठ्यांदा. अहो, एक शब्द सांगितला असता तर काय बिघडलं असतं? मी नाही म्हणाले असते का? दोघांत एक बंदूक, पाहिजे तेव्हा तुकडा लावायचा, नको तेव्हा काढायचा, एवढं तुमच्यासारख्या कारागिराला सुचलं नाही? तोंडाला येईल ते बोलले. किती दिवसांनी इतकी चिडले होते, बरं वाटत होतं.

आणि बोलता बोलता मी थांबले. सवयीने. आता ते काहीतरी उलट बोलतील, मग मी बोलेन, म्हणून वाट बघत उभी राहिले.

कुणी बोललं नाही रे धाकट्या. तेव्हा मी रडले. घरात आले, दिवा लावला, तरी रडतच होते.

आज बरी आहे. विहिरीकडची पाच रोपं परत लावली, जगतील असं वाटतंय. भावजयबाईंना घेऊन ये. लोभ होताच, आता तो जपू या.

तुझी
ताई