दोन्ही नावं माझीच

बाबा,

तुमच्यामुळे पोरगी अडकली होती. आधी हेच सांगते, मग बाकीचं. तुम्ही असतात तर फोन लावून भांडले असते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता भांडायलाही कागद घ्यावा लागतो. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. पाचवीत शाळा सुटली, त्यानंतर किराण्याच्या यादीपलीकडे हात फारसा चालला नाही. चुका काढू नका.

पोरगी म्हणजे तुमची नात. ती आता कॅनडात आहे, पाव बनवायच्या मोठ्या कारखान्यात सुपरवायझर. गेली ती कामाच्या व्हिसावर. तो व्हिसा म्हणजे भाड्याचं घर, मुदत संपली की सामान बांधा. आणि पीआर म्हणजे कायमचं राहा, कुणी ऊठ म्हणणार नाही. तिने पीआरचा अर्ज केला. सगळं बरोबर होतं, आणि तिथल्या ऑफिसरने विचारलं, तुझ्या जन्माच्या दाखल्यावर आई एक, पासपोर्टवर आई दुसरी. नावही वेगळं, आडनावही वेगळं. ह्या दोन बायका कोण? महिनाभरात खुलासा द्या. इकडे तिच्या व्हिसाची मुदतही संपत आलेली. खुलासा पटला नाही तर तिला तिथून उठावं लागणार, नोकरी, खोली, सगळं सोडून.

तो दाखला तुम्ही काढला होता. मला सगळं आठवतं. लग्नात सासरच्यांनी ताटात तांदूळ पसरलेत, यजमानांनी अंगठीने माझं नवीन नाव त्यात काढलंय, सगळे माना वळवून वाचतायत, आणि तुम्ही मांडवाच्या खांबाला टेकून उभे आहात. सासरे म्हणाले, "व्याहीबुवा, या, सुनेचं नाव बघा." तुम्ही म्हणालात, "तुमच्या घरी काय हाक मारायची ती मारा. तिचं नाव ठेवून झालेलं आहे." मला तुमचा राग आला होता. कारण मला ते नवीन नाव आवडलं होतं, बाबा. सिनेमातल्या हिरॉइनसारखं होतं. तुम्ही ठेवलेलं जाडंभरडं, तुमच्या आईचं. त्या म्हातारीने विड्या वळून तुम्हाला मॅट्रिक केलं, हे तुम्ही मला हजारदा सांगितलं होतं, पण सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला विड्यांचं काय कौतुक?

मग मी यजमानांच्या नोकरीच्या गावी, दिल्लीला आले आणि तुम्हाला पहिलं पत्र टाकलं, खाली नवीन नाव लिहिलं. तुमचं उत्तर आलं. "ह्या नावाच्या बाईंना मी ओळखत नाही. तिथे माझी मुलगी राहते, तिला सांगा, बापाला पत्र टाक." यजमानांनी ते वाचून पूर्ण ऑफिसला सांगितलं, सगळे हसले. मी नाही हसले. पण पुढच्या पत्राखाली जुनं नाव लिहिलं.

पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आले. पोरगी झाली आणि तुम्ही पेपर मिलमधून अर्धी सुट्टी टाकून नगरपालिकेत गेलात. परत आलात ते छाती पुढे काढून. आईच्या नावाच्या जागी तुम्ही ठेवलेलं नाव, तुमचं नाव, तुमचं आडनाव. महिन्याभराने सासरे आणि हे आले, कागद बघितला, आणि चहा तसाच राहिला. सासरे म्हणाले, "हे काय? आमच्या सुनेचं नाव कुठंय?" तुम्ही म्हणालात, "पोर माझ्या घरी जन्मली. तिची आई माझी मुलगी आहे. माझ्या मुलीचं नाव मला पाठ आहे." हे उठून बाहेर गेले. तेव्हाच दुरुस्त करून घेतलं असतं तर झालं असतं, पण दोन हट्टी म्हाताऱ्यांच्या मध्ये कोण पडणार? पुढे दिल्लीत शाळेत, आधारला, पासपोर्टला नवीन नाव लागत गेलं. तो दाखला पीआरच्या अर्जाला लागेपर्यंत गोदरेजच्या कपाटात पडून राहिला.

तर मागच्या महिन्यात आम्ही दोघं कोर्टाबाहेर गेलो, जिथे टिनाच्या शेडखाली टायपिस्ट बसतात. शपथपत्र करायचं होतं. दुपार उलटून गेलेली, लोक आवराआवरी करायला लागलेले, आणि मुदत अगदी गळ्याशी आलेली, कारण गावाहून माझा शाळेचा दाखला यायलाच इतके दिवस गेले. टायपिस्ट चटपटीत होता. म्हणाला, "आंटी जी, टेन्शन मत लो. सीधा लिख देता हूँ, पिताजी अनपढ़ थे, ग़लती से दूसरा नाम लिखवा दिया. सब यही लिखवाते हैं."

मी म्हटलं, "वो मैट्रिक पास थे."

"अरे आंटी, कौन देखने आ रहा है? गुज़र गए ना?"

"गुज़र गए. अनपढ़ नहीं हुए."

तो हसला. हे नाही हसले. "अगं, सही कर ना! कॅनडात तुझ्या बापाची मार्कशीट कोण मागतंय? आयुष्यभर त्या माणसाचा हट्ट झेलला, आता मेल्यावरही झेलायचा?" म्हणाले आणि पोरीला व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या तोंडासमोर धरला. तिकडे पहाट होती. तिचे केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"मम्मी, यार, प्लीज़. आजोबांना आता काय फरक पडतो? मला पडतो. माझ्या व्हिसा कन्सल्टंटने सांगितलंय, फादर्स मिस्टेक लिहा, बात ख़तम."

"मिस्टेक नव्हती ती."

"मला माहितीये नव्हती! पण रिजेक्ट झालं ना, तर मला परत यावं लागेल. सगळं सोडून. तू विचार केलास का ह्याचा?"

"केला," मी म्हटलं. "तू तोंड धू आधी."

मग टायपिस्टला सांगितलं, लिख. मेरे दो नाम हैं. एक बाप ने रखा, एक ससुराल ने. हमारे यहाँ शादी में लड़की का नाम बदल देते हैं. बाप ने अपना रखा हुआ नाम लिखवाया. ग़लती किसी की नहीं. दोनों औरतें मैं ही हूँ. तो म्हणाला, असा फॉर्मेट नसतो. मी म्हटलं, तो बना लो. शेवटी कुरकुरत त्याने इंग्रजीत टाइप केलं. मी यजमानांकडून शब्द न् शब्द वाचून घेतला आणि खाली दोन सह्या केल्या, एक ह्या नावाची, एक त्या. तुम्ही ठेवलेल्या नावाची सही किती वर्षांत केली नव्हती. सोबत शाळेचा दाखला लावला, लग्नपत्रिका लावली.

घरी येऊन ह्यांनी कागदांचे फोटो तिला पाठवले. पोरीने सगळं अपलोड केलं आणि फोन बंद केला तो चार-पाच दिवस. नंतर रोज एकच मेसेज, "अजून काही नाही." मयूर विहारच्या ह्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं समोरासमोर जेवत होतो आणि चमचा वाजला तरी मी दचकत होते. भाजीवाल्याशी भांडले, खालच्या मजल्यावरच्या बाईशी पाण्याच्या मोटरवरून भांडले. एक दिवस हे म्हणाले, "पोरगी परत आली ना, तर तुझ्या बापाच्या फोटोला मी हार घालणार नाही." मी म्हटलं, "आतापर्यंत कधी घातलात?" पण आतून मी पार हादरले होते. हट्ट तुमचा, सही माझी, आणि भोगणार ती. मला काय अधिकार होता, बाबा? तुमच्यासारखी छाती पुढे काढून मी कोर्टातून आले खरी, पण तुमचं काय जाणार होतं? तिचं सगळं जाणार होतं.

आज सकाळी फोन आला. "मम्मी, हो गया! मिळालं पीआर!" तिकडे रडतेय, हसतेय. पुढे एक प्रश्न नाही विचारला त्यांनी. हे सत्तरीला आलेले, पण चप्पल न घालताच जिना उतरले, मिठाई आणायला. कोपऱ्यावर गेल्यावर आठवलं असेल. पोरगी म्हणत होती, "मम्मी, आता इथून मला कुणी जा म्हणू शकत नाही. कायमचं!"

हे येतील म्हणून घाईत लिहितेय. आले की हा कागद फाडून टाकीन, तुमच्याशिवाय कुणाला दाखवायचा नाही. कोर्टाबाहेर ती म्हणाली ना, परत यावं लागेल, तेव्हा माझ्या मनात आलं होतं, ये की मग. एवढंसंच आलं, पण आलं. दोन सह्या केल्या त्यात तुमच्यासाठी किती होतं आणि ती परत यावी ह्यासाठी किती, ते मला अजून वेगळं करता येत नाही. नगरपालिकेत गेलात तेव्हा तुमच्या आईसाठी किती आणि मला धरून ठेवायला किती, ते तुम्हाला तरी वेगळं करता येत होतं का?

तिला मी म्हटलं, शाब्बास गं माझी बाई. मग म्हटलं, थांब, दूध उतू जातंय, नंतर बोलते, आणि फोन ठेवला.

गॅसवर काही नव्हतं, बाबा.