किल्ली लपवणारा नायक

२१ डिसेंबर, रविवार

निमिषने लिंक पाठवली. ‘लग्नाआधी बघच. आपलीच गोष्ट आहे.’ टीव्हीसाठी बनवलेला नाताळचा सिनेमा, हिंदीत डब केलेला. दुपारी आईबरोबर बघितला. शहरातली मुलगी, बर्फातलं गाव, बेकरीवाला. चार दिवसांत लग्नाची मागणी!

चांगलं काय — कुणी कुणावर ओरडत नाही. दहाव्या मिनिटाला शेवट कळतो, तरी उठवत नाही. बेकरीवाल्याचे म्हातारे वडील पीठ मळता मळता गेलेल्या बायकोबद्दल बोलतात, तिथे आईने डोळे पुसले. तेवढा एक माणूस खरा वाटला.

वाईट — बर्फ साबणाच्या फेसासारखा. सगळ्यांचे स्वेटर कोरे. नायिकेला मोठी नोकरी आहे म्हणे, पण ती एकदाही काम करत नाही.

आणि एक. ती निघायच्या सकाळी तो तिच्या गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात लपवतो. विमान चुकतं. ती हसते, मागे घंटा वाजतात. मला हसू आलं नाही. का, कळेना.

२२ डिसेंबर

निमिषचा फोन. ‘कुठला सीन आवडला?’ म्हटलं, म्हाताऱ्याचा. ‘किल्लीचा नाही?’ — आणि हसला.

२३ डिसेंबर

आज कंपनीच्या बसमध्ये आठवलं. नोव्हेंबरात मी ट्रेनिंगला चेन्नईला जाणार होते, दहा दिवस. निमिषने परस्पर आमच्या सुजित सरांना फोन केला — ‘सलोनीला डेंग्यू झालाय.’ माझ्या जागी दुसरं कुणी गेलं. ‘तुझ्याशिवाय दहा दिवस कसे काढू?’ म्हणाला. आणि मी हसले. खरंच हसले! घरातही सगळ्यांना गोड वाटलं.

त्या सिनेमात घंटा नसत्या, तर तो सीन कसा दिसला असता?

२४ डिसेंबर



शिफ्ट बदलल्याचं मी निमिषला सांगितलंच नव्हतं. तरी सुटले तेव्हा तो चाकणला कंपनीच्या गेटवर उभा. माझ्या शेजारी तनुजा होती, माझ्याच लाइनवरची. हळूच म्हणाली, “सलोने, ह्यो पिरमात न्हाई, पाळतीवर हाय. बसनंच चल.”

मी गाडीत बसले. मूर्ख!

आमच्या घराचा, दिघीचा फाटा मागे गेला. म्हटलं, घरी सोड. ‘चऱ्होलीचा आपला फ्लॅट बघू.’ नको म्हटलं. त्याने गाणी मोठी केली. दार उघडून बघितलं — लॉक. चाळीस मिनिटं नुसता फिरवत होता, मग घरी आणलं. ‘किती घाबरतेस! गंमत केली गं.’

फोनमध्ये शोधलं. माझं लोकेशन त्याच्याकडे जात होतं, साखरपुड्यापासून. बंद केलं.

२५ डिसेंबर

बाबांना सगळं सांगितलं. “अगं, काळजी करतो तो तुझी. पत्रिका छापून झाल्यात, सलोनी.” आई मटार सोलत होती. सोलतच राहिली. कुणीतरी एक जण तरी ‘घाबरू नकोस’ म्हणेल, असं वाटलं होतं.

लोकेशन बंद केल्यापासून फोन थांबत नाहीये. मेसेज — ‘कुठे आहेस ते मला कळतंच.’

खाली त्याची पांढरी गाडी. सकाळपासून.

२६ डिसेंबर

गाडी तिथेच. रजा टाकली. कपडे वाळत घालायलाही गॅलरीत जात नाही.

२७ डिसेंबर

आईने माझ्या बोटातली अंगठी मागितली. मी काही न विचारता दिली. घरातल्याच साडीत, स्लीपर घालून ती खाली गेली, गाडीच्या काचेवर टकटक केलं. मी पडद्याआडून बघत होते. तो हसत उतरला. मग हसायचा थांबला.

वर येऊन बाबांना म्हणाली, “लग्न मोडलं. त्याच्या आईलाही कळवलंय.”

“मला न विचारता?”

“हो.”

गाडी गेली. आई दाराला कडी घालून तिथेच खाली बसली.