पाणी चोवीस अंशांवर येईपर्यंत

मी, पूर्वा पोपट ओव्हाळ, वय ३२ वर्षे, व्यवसाय नोकरी, राहणार बिबवेवाडी, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. ते कोणाच्याही सांगण्यावरून लिहिलेले नाही. उलट बहुतेकांनी लिहू नको असेच सांगितले. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. शंका असल्यास कलम ५ वाचावे.

लिहिण्याचे कारण असे की माझ्या डाव्या कानामागे एक गाठ आहे आणि ती गुरुवार, १२ मार्च २०२६ रोजी काढायची आहे. गाठ साधी आहे, जागा अडचणीची आहे. टेबलावरून परत न उठण्याची शक्यता सर्जननी दोन टक्के सांगितली आणि पुढे "म्हणजे नगण्यच" असे जोडले. मी खराडीच्या एका प्रयोगशाळेत तापमापकांचे कॅलिब्रेशन करते, म्हणजे तापमापक खरे बोलतो की नाही हे प्रमाणित तापमापकाशी ताडून पाहते. दोन टक्के नगण्य नसतात. पन्नास वेळा गळ टाकून एकदा मासा लागला, तर आमच्या घरी त्याला चांगला दिवस म्हणतात.

तारीखही वर्षातल्या नेमक्या त्याच आठवड्यात दिली आहे, ज्या आठवड्यात दिली जाऊ नये.

"पंधरा दिवस पुढे ढकलता येईल का?" असे मी विचारले.

"घरी काही कार्य आहे का?"

"नाही. पाणी तापतंय."

त्यांनी माझी फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. मी मग तारीख मान्य केली.

कलम १. बिबवेवाडीच्या सदनिकेतील माझा अर्धा हिस्सा माझी आई सौ. प्रेमला पोपट ओव्हाळ हिला मिळावा. आई माझ्या खोलीला गोदाम म्हणते. पुढील कलमांतील वस्तू बाहेर पडल्यावर तिने ती खुशाल रिकामी करावी. वडील आणि मी मासे पकडतो आणि चिलापी सोडून बाकीचे पाण्यात परत सोडतो, यावर तिचे म्हणणे असे की, "सकाळी पंचशील म्हणायचं, दुपारी त्याच्या तोंडाला भोक पाडायचं, आणि वर सोडून दिला म्हणून पुण्य लावून घ्यायचं." वडील म्हणतात, "चिलापी तरी आणतो ना घरी?" त्यावर ती म्हणते, "का? चिलापीला जीव नसतो?" चिलापीचे कालवण मात्र ती उत्तम करते.

कलम २. बँकेतील ठेवी आणि भविष्यनिर्वाह निधी आईवडिलांना समान मिळावा. नामनिर्देशन झालेले आहे. अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. स्कूटर धाकटा भाऊ चेतन याला. मागचा ब्रेक आधी दाबावा. हे मी त्याला सात वर्षे सांगत आहे.

कलम ४. बाल्कनीतील गांडुळांचा डबा. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी श्री. उत्तरेश्वर माने यांनी दोन वर्षांपूर्वी मला लेखी नोटीस दिली की आवारात सरपटणारे प्राणी पाळू नयेत. गांडूळ हा सरपटणारा प्राणी नव्हे, असे मीही लेखी कळवले. ते उत्तर सूचनाफलकावर लागले नाही. नोटीस मात्र अजून लागलेली आहे. हा डबा त्यांनाच ठेवायचा विचार होता. परंतु शेजारी घरी असणारे तेवढे एकच, त्यामुळे या दस्तावर साक्षीदार म्हणून त्यांचीच सही घ्यावी लागत आहे, आणि साक्षीदाराला काही ठेवू नये, असे वकिलांनी सांगितले. सबब डबा सोसायटीच्या बागेला द्यावा. जास्वंदीला चांगला.

कलम ५. माझा आतेभाऊ राकेश याला माझी कोणतीही वस्तू देऊ नये. कारण नोंदवते.

रविवार, १७ एप्रिल २०२२. आम्ही जातो त्या तलावाच्या उथळ टोकाला मरळीची पिल्ले वर आली होती. ती केशरी असतात आणि शेकड्यांनी एकत्र फिरतात. दुरून पाण्याला गंज चढल्यासारखे दिसते. खाली मरळ राखणीला असते. त्या दिवसांत पिल्लांजवळ काहीही पडले तरी ती चावते. ती भूक नसते, वैताग असतो. म्हणून तिथे गळ टाकायचा नाही. वडिलांचे आणि माझे एकमत असलेला हा एकमेव नियम आहे. राकेशने तिथे गळ लावलेला रबरी बेडूक फेकला.

"बघ, एका फेकीत आली!"

"येणारच. तिची पोरं आहेत तिथे."

"असू देत की. सगळ्यांचीच असतात."

त्याने मरळ काखेत धरून फोटो काढला, तलावाच्या नावासकट सगळीकडे टाकला आणि मरळ घरी नेली. पुढच्या रविवारी पिल्ले नव्हती. चिलापी होत्या, पोटे फुगलेल्या. पिल्ले त्यांनीच खाल्ली हे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून तसे लिहीत नाही. काठावर अकरा गाड्या उभ्या होत्या, हे मात्र मोजले आहे.

त्यामुळे या दस्तात तलावाचे नाव नाही. चेतनला रस्ता माहीत आहे. म्हणजे गाडीत तो जागा असेल तर.

कलम ६. दोन काठ्या, दोन रिळे, गळांची डबी आणि शिशाची वजने चेतनला मिळावीत. त्याचे मत "ताई, मासा मंडईत मिळतो" असे आहे, हे मला ठाऊक आहे. मत बदलण्याची अट नाही, पुढील सूचना पाळण्याची आहे.

फेब्रुवारीत पाणी गार असते. मासा खोल, तळाशी, सुस्त. आमिष लहान, हालचाल कमी, वेळ भर दुपारची. पाणी चोवीस अंशांवर गेले की तो उथळात येतो. दुपारनंतर वारा पश्चिमेकडून सुटतो आणि वरचे तापलेले पाणी पूर्वेच्या काठाला साचते. मासा तिथे असतो. लोक पश्चिमेच्या काठाला बसतात, कारण टेकडीची सावली तिथे पडते. सावली माणसाला हवी असते. माशाने तशी मागणी केलेली नाही. कालव्याला पाणी सोडून पातळी झपाट्याने उतरत असेल, तर मासा काठ सोडतो. त्या दिवशी डबा खाऊन परत यावे. एप्रिल लागला की दुपार सोडून द्यावी आणि ऊन चढायच्या आत उरकावे.

ॲड. दीपाली रणपिसे, माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि या मृत्युपत्राची व्यवस्थापक, हे टंकित करताना थांबली.

"पूर्वा, मृत्युपत्रात वाऱ्याची दिशा कोण लिहितं?"

"वारस चुकीच्या काठावर बसू नये असं ज्याला वाटतं, तो."

"हे परिशिष्टात टाकू."

"परिशिष्ट कोणी वाचत नाही."

"मृत्युपत्र तरी कोण वाचतं? कोणाला काय मिळालं तेवढं बघतात."

म्हणूनच वाऱ्याची दिशा काठ्यांच्या कलमातच ठेवली आहे.

कलम ७. नोंदवह्या, एकूण तीन, सन २०१५ ते २०२५. या माझे वडील श्री. पोपट सीताराम ओव्हाळ यांना मिळाव्यात.

वडील पाटबंधारे खात्यात धरणाच्या पाण्याची पातळी मोजून नोंदवत असत. एकतीस वर्षे पट्टी वाचली. असा माणूस घरी येऊन म्हणतो, "होळी जळाली, थंडी पळाली. होळीनंतरच्या पहिल्या रविवारी मासा लागतो. माझ्या बापानं सांगितलंय."

"पप्पा, होळी सरकते. २०२१ ला अठ्ठावीस मार्चला होती, २०२३ ला सहा मार्चला. बावीस दिवसांचा फरक आहे."

"मग मासाही सरकतो."

अशा माणसाशी तोंडी वाद घालता येत नाही. त्यांना चुकीचे ठरवण्यासाठी मी नोंदी ठेवू लागले: तारीख, वेळ, एक मीटर खोलीवरचे तापमान, वारा, पातळी, किती वेळा गळ टाकला, किती मासे लागले. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात वडील जे बोलतील ते लिहायचे, पुराव्यासाठी.

काठावर पोचल्यावर ते पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उतरतात, मिनिटभर गप्प उभे राहतात आणि दोनपैकी एक वाक्य म्हणतात: "अजून नाही" किंवा "आता टाक." "अजून नाही" म्हटल्यावरही मी हट्टाने गळ टाकत असे. मासे लागत नसत.

हे मृत्युपत्र लिहायच्या निमित्ताने तिन्ही वह्या पहिल्यांदाच सलग वाचल्या. वसंतातल्या नोंदी एकशे बत्तीस. जिथे जिथे "अजून नाही" आहे, तिथे पाणी चोवीसच्या आत आहे. जिथे "आता टाक" आहे, तिथे चोवीस किंवा वर. अपवाद दोन, दोन्ही २०१९ मधले, दोन्ही दोन दशांशांनी. त्या वर्षी माझाच तापमापक दोन दशांश चुकत होता, हे मला एप्रिलमध्ये प्रयोगशाळेत तपासल्यावर कळले होते.

आणि होळीनंतरचा पहिला रविवार? अकरा वर्षांपैकी आठ वर्षे आम्ही त्या दिवशी गेलोच नाही. कारणेही शेऱ्यात आहेत: टायर, कोणाचे तरी लग्न, पोट, "आज कंटाळा आलाय". ज्या विधानाशी मी अकरा वर्षे भांडले, ते त्यांनी स्वतः धड पाळलेच नव्हते.

सबब जाहीर करते की वडील बरोबर होते. होळीच्या बाबतीत नव्हे. पाण्याच्या बाबतीत. हे त्यांना माझ्या मृत्यूनंतरच कळवावे, आदल्या दिवशीसुद्धा नाही.

कलम ८. हे कलम दीपालीने चेतनला एकट्याला वाचून दाखवावे. वडिलांसमोर वाचू नये.

माझा तापमापक, निळ्या पेटीतला, पाच मीटर वायरसह, चेतनला मिळावा.

चेतन, २२ फेब्रुवारीला पप्पा आणि मी तलावावर गेलो होतो. ते पाण्यात उतरले आणि मिनिटभराने म्हणाले, "आता टाक." मी मोजले. २१.३. मला आनंद झाला, हे लपवत नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते स्पष्ट चुकले होते. मी यंदाची नवी वही काढली, वेळ लिहिली, आकड्याखाली दोनदा रेघ मारली. मग वर पाहिले तर ते काठावर येऊन बोलत होते आणि डाव्या टाचेतून रक्त येत होते. बाटलीची काच आत होती.

"पप्पा, पाय."

"चिखल आहे गं. धुतला की जाईल."

मी काच काढली तेव्हा ते मला होळीचे सांगत होते. त्यांनी वाक्य तोडले नाही.

मधुमेहाने पायांची संवेदना गेली आहे, असे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोरच सांगितले. ते म्हणाले, "बरं, बूट घालत जाईन." पाण्याचा आणि याचा संबंध त्यांनी जोडलेला नाही, किंवा जोडून बोललेले नाहीत. मी विचारलेले नाही.

माझ्या कामात असे उपकरण आले तर मी त्यावर लाल पट्टी लावते आणि वापरातून काढते. इथे ते करायचे नाही. म्हणून पुढील गोष्टी तू करायच्या आहेस.

होळी झाली की दर रविवारी त्यांना तलावावर न्यायचे. एकट्याने जाऊ द्यायचे नाही, कितीही शिव्या घातल्या तरी. रबरी बूट घालायला लावायचे. "बुटातून पाणी कसं कळणार?" म्हणतील. "तुम्हाला कळतं, पप्पा," एवढेच म्हणायचे. ते उतरले की तू गाडीच्या पलीकडच्या बाजूने वायर सोडायचीस. आकडा स्थिर व्हायला चाळीस सेकंद लागतात आणि ते मिनिटभर गप्प असतात, म्हणजे वेळ पुरतो. चोवीसच्या आत असेल, तर त्यांनी तोंड उघडायच्या आधी म्हणायचे, "बाप रे, गार आहे." ते म्हणतील, "मग? अजून नाही." चोवीसच्या वर असेल, तर काही बोलायचे नाही, काठी त्यांच्या हातात द्यायची. आकडा त्यांना कधीही सांगायचा नाही. वाक्य त्यांचेच राहिले पाहिजे.

मोजमापाच्या बाबतीत खोटेपणा करण्याची लेखी सूचना मी आयुष्यात पहिल्यांदाच देत आहे. तापमापकाचे कॅलिब्रेशन दर वर्षी जानेवारीत करून घ्यावे. प्रयोगशाळेत माझी सहकारी तनया हिला भेटावे.

कलम ९. माझे अंत्यसंस्कार बौद्ध पद्धतीने आणि विद्युतदाहिनीत व्हावेत. भाषणे नकोत. अस्थी तलावात सोडू नयेत. भावना समजते, पण ते खालच्या गावांचे पिण्याचे पाणी आहे.

कलम १०. मी १२ मार्चनंतर शुद्धीवर आल्यास कलम ७ आणि ८ रद्द समजावीत. दीपाली म्हणते की हयातीत मृत्युपत्र लागू होतच नाही, हे लिहायची गरज नाही. मला आहे. तसे झाल्यास कलम ८ मधील काम मी स्वतः करीन, आणि होळीवरचे भांडणही पूर्ववत चालू ठेवीन. मात्र कलम ७ वडिलांच्या कानावर गेल्यास पुढील वीस वर्षे मला या घरात राहता येणार नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, दोन ठिकाणी दुरुस्त केला, आणि खालील साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांनी फक्त सही पाहायची असते, मजकूर वाचायचा नसतो. श्री. माने यांनी तरीही कलम ४ वर बोट ठेवून "जास्वंद नाही, कण्हेर आहे ती" असे सांगितले. दुरुस्ती मान्य.

सही: पूर्वा पोपट ओव्हाळ

साक्षीदार:
१. तनया आमोद लिमये, सहकारी, राहणार नारायण पेठ, पुणे. (सही)
२. उत्तरेश्वर माने, सेक्रेटरी, राहणार बिबवेवाडी, पुणे. (सही)

स्थळ: पुणे
दिनांक: शनिवार, ७ मार्च २०२६
पाणी: काल दुपारी चार वाजता, एक मीटर खोल, २३.२ अंश. अजून नाही.