साठावा हिस्सा

२ नोव्हेंबर, रविवार
ठाण्याच्या आमच्या सिनेगॉगच्या ग्रुपवर मेसेज. या महिन्यात प्रत्येकानं एक तरी सेवा करायची, फोटो पाठवायचा. महिनाअखेरच्या सभेत नावं वाचणार. वाकरुळकरचा रक्तदानाचा फोटो आलासुद्धा. माणूस झोपलाय आणि म्हणे सेवा.

मी ठरवलं, आजाऱ्यांना भेटायचं. आमच्यात हे मोठं पुण्य. जुने लोक सांगतात, भेटायला येणारा प्रत्येक जण दुखण्याचा साठावा हिस्सा घेऊन जातो. आता जालन्यात बेने इस्राएलचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, आमचं झिराडकरांचं एकच घर, साठ जण आणू कुठून? म्हणून मी एकटाच साठदा जाणार. रिबेकाला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही? आणि कणीक मळायला गेली. बायको असून प्रोत्साहन नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार
पेशंट मिळाला. आमच्या बियाणे कंपनीच्या गोडाऊनवरचा बद्रीनाथ. मी रिटायर झालो तरी अजून साहेब म्हणतो. हर्नियाचं ऑपरेशन झालंय, स्टेशनजवळच्या दवाखान्यात आहे. मोसंब्या घेऊन गेलो. धीर यावा म्हणून आमच्या मामांची गोष्ट सांगितली. त्यांचंही हेच ऑपरेशन होतं. टाके कसे उसवले इथपासून मयतीला कोण कोण आलं इथपर्यंत, काही गाळलं नाही. बद्रीनाथ एकदम गप्प. इतकं मन लावून ऐकणारा माणूस विरळा. त्याला भूक नव्हती, मोसंब्या मीच संपवल्या. फोटोत त्याचा चेहरा पडलेला आलाय. परत काढणे.

४ नोव्हेंबर
नर्स म्हणाली, भेटायची वेळ संध्याकाळची. सेवेला वेळ नसते, हे तिला समजावून सांगितलं. मग बद्रीनाथला विनोद सांगून हसवलं. तो पोट धरून विव्हळला. नर्सनं मला बाहेर काढलं.

रिबेका म्हणाली, आजाऱ्यापाशी थोडं बसावं आणि गप्प बसावं, असं तिचे आजोबा सांगत. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्यासाठी ठीक आहे.

६ नोव्हेंबर
चमत्कार! खाट रिकामी. डॉक्टर नको म्हणत असताना बद्रीनाथ स्वतःच्या जबाबदारीवर सही करून काल घरी गेला. साठ लांबच, दोनच भेटींत बरा झाला. ग्रुपवर कळवलं. फोटो पाठवा म्हणाले.

८ नोव्हेंबर, शनिवार
शब्बाथ. आज लिहायचं नसतं. म्हणून हे रविवारी उठून, शनिवारची तारीख टाकून लिहितोय. नियम म्हणजे नियम.

९ नोव्हेंबर, रविवार
फोटोसाठी बद्रीनाथच्या गावी, हसनाबादला गेलो. द्वारकाबाई, म्हणजे बद्रीनाथची बायको, दारातच उभी. मालक रानात गेलेत म्हणाली. आतून कण्हण्याचा आवाज. विचारलं, तर म्हैस आजारी आहे म्हणे. म्हटलं, तिलाही भेटतो, माझ्या हाताला गुण आहे. द्वारकाबाई म्हणाली, "न्हाई साहेब, तिला नव्या माणसाची सवय न्हाई." चहासुद्धा विचारला नाही.

परत येताना जालन्यात बसमधून उतरताना पाय घसरला. फार दुखतोय.

१० नोव्हेंबर
घोटा मोडलाय. प्लास्टर. तोच दवाखाना, तोच वॉर्ड, आणि शेजारच्या खाटेवर कोण? बद्रीनाथ! जखमेत पू झाला म्हणून पहाटे आणलं. डॉक्टर भडकले होते. म्हणाले, चार दिवस पडून राहिला असता तर ही वेळ आली नसती, याला घरी पळवलं कुणी? मीही इकडेतिकडे पाहिलं. कोणीच कबूल झालं नाही.

११ नोव्हेंबर
आता भेटायच्या वेळेची कटकट नाही. सेवा चोवीस तास. मामांची गोष्ट परत सांगितली, मागच्या वेळी त्याला आवडली होती. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. दुपारी द्वारकाबाईनं खाट बदलून मागितली. रिकामी नव्हती. रात्री त्याचा ताप वाढला. झोप नाही म्हणून ताप उतरत नाही, असं डॉक्टर म्हणतात. झोप यावी म्हणून मी आणखी एक गोष्ट सांगितली.

१३ नोव्हेंबर
बद्रीनाथ बोलला. हात जोडून बोलला. "साहेब, मी तुमच्यापायी घरी गेल्तो. टाके कच्चे असतानी. आता बोलू नका. झोपू द्या मला."

वाईट वाटलं. खरंच वाटलं. दिवसभर तोंड उघडलं नाही, पाय ठणकला तरी.

१४ नोव्हेंबर
बद्रीनाथ रात्रभर झोपला. ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, नवं औषध लागू पडलं. मी काहीच म्हणालो नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
बद्रीनाथला सुट्टी मिळाली. मला भेटायला रिबेकाशिवाय अजून कोणी आलेलं नाही, सगळ्यांना कामं असतात. तो मात्र जाताना माझ्या खाटेपाशी बसला. एक मोसंबी सोलली, फोडी माझ्या हातावर ठेवल्या. एक शब्द नाही. शपथ सांगतो, ठणका कमी झाला.

रिबेका डबा घेऊन आली होती. तिला म्हटलं, काढ फोटो. पाठवला ग्रुपवर.

अर्ध्या तासात ठाण्याहून उत्तर: फार सुंदर. झिराडकरांची सेवा करणाऱ्या या गृहस्थांचं नाव कळवा, सभेत पहिलं वाचू.

रिबेकानं मला न विचारता बद्रीनाथचं नाव कळवलं. वाकरुळकरनं ग्रुपवर अंगठा टाकला.

मी गप्पच राहिलो. रिबेका म्हणाली, बघा, जमतंय की तुम्हाला.